राग कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रागाविषयी आपल्या घरांमध्ये दोन शिकवणी एकाच वेळी दिल्या जातात. आजी नातवाला सांगते, 'अति राग, भीक माग.' राग आला की दहा अंक मोजावेत, पाणी प्यावे, देवाचे नाव घ्यावे. तोच नातू संध्याकाळी चौकातल्या सभेला जातो. तेथील वक्ता त्याला विचारतो की, एवढे सारे घडूनही तुझे रक्त खवळत नसेल, तर तू कोणत्या मातीचा? मुलगा बिचारा दोन्ही ऐकतो. घरी तो रागाबद्दल शरमतो आणि बाहेर राग नसल्याबद्दल शरमतो. मला या दोन्ही शिकवणी अपुऱ्या वाटतात. आजीचे म्हणणे प्रेमापोटी आहे, म्हणून ते निदान निरुपद्रवी आहे. दुसऱ्याविषयी तसे म्हणता येणार नाही.

आपल्या परंपरेने रागाला सरसकट पाप मानलेले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मन्यू या देवतेला उद्देशून दोन सूक्ते आहेत. ज्या समाजाने मन्यूला देवता मानले, त्याला 'तुम्ही मुळातच थंड रक्ताचे' असे कोणी म्हणू नये. परंतु त्याच परंपरेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून सुरू होणारी एक उतरंडही सांगितली आहे. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश. गंमत अशी की, ही उतरंड सांगितली गेली ती रणभूमीवर, लढायला उभ्या असलेल्या माणसाला. 'क्रोध टाक' आणि 'धनुष्य उचल' हे दोन्ही उपदेश एकाच श्रोत्याला एकाच दिवशी केलेले आहेत. याचा अर्थ लढण्यासाठी क्रोध लागतोच, ही आपली समजूत गीतेला मान्य नाही.

रामायणातील एक प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण तो कीर्तनातून सहसा ऐकायला मिळत नाही. लंकादहन आपल्या सर्वांना प्रिय आहे. लहानपणी आपण शेपटीला चिंध्या बांधून ते खेळलो आहोत. पण वाल्मीकींच्या सुंदरकांडात लंका पेटविल्यानंतर हनुमंत थबकतो आणि स्वतःलाच दोष देतो. ज्या सीतामाईच्या शोधासाठी आलो, ती या आगीत सापडली असेल तर? रागाच्या भरात आपण स्वामींचे कार्यच जाळून टाकले काय? सीता सुरक्षित असल्याचे कळेपर्यंत त्याच्या जिवाला चैन पडत नाही. बुद्धिमंतांमध्ये श्रेष्ठ म्हणून ज्याला आपण नमस्कार करतो, त्याला विजयाच्या क्षणी हा प्रश्न पडतो. आपल्याला तो पराभवानंतरसुद्धा पडत नाही.

आता इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रात रागाचा अभ्यास करायचा, तर शिवचरित्रासारखा दुसरा ग्रंथ नाही.

१६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला. त्याच्या फौजेचे बळ घोडदळात होते. हत्ती होते, तोफा होत्या. हे बळ मोकळ्या मैदानात कामाचे, जावळीच्या अरण्यात निरुपयोगी. खान वाईचा सुभेदार राहिलेला. मुलूख त्याच्या माहितीचा. शिवाजी महाराजांना डोंगरातून मैदानात आणले तरच आपला निभाव लागेल, हे त्याला पक्के ठाऊक होते. तुळजापूर आणि पंढरपूर येथे त्याने देवस्थानांना उपद्रव दिल्याचे बखरकार सांगतात. त्यामागे धर्मद्वेष होता हे खरेच. पण ती एक लष्करी चालही होती. कुलदेवतेचा अपमान ऐकून हा तरुण राजा बेभान होईल, तलवार उपसून मैदानात येईल आणि तेथे आपण त्याला चिरडू, असा तो हिशेब होता.

महाराजांच्या बाजूने विचार करा. वय अवघे २९. ज्येष्ठ बंधू संभाजीराजे कनकगिरीला पडले, त्यालाही हाच खान कारणीभूत मानला जात होता. वडिलांना कैद करून विजापुरास नेताना याच खानाने मिरविले होते. सप्टेंबर महिन्यात सईबाई राजगडावर वारल्या. पोर दोन वर्षांचे. त्यात तुळजापूरची वार्ता. रागाला याहून सबळ कारण कोणाला मिळेल?

आणि महाराजांनी काय केले? ते मैदानात आले नाहीत. ते प्रतापगडावर गेले. पंताजी गोपीनाथांकरवी खानाला निरोप गेले की, आपण भयभीत आहोत, वाईस येण्याचे धैर्य होत नाही, खानसाहेबांनीच जावळीत यावे. ज्याच्या देवतेचा अपमान झाला, तो 'मी भ्यालो' असा निरोप पाठवितो, हे त्या वेळी पुण्या-साताऱ्याच्या एखाद्या पाराजवळ कोणी ऐकले असते तर काय म्हटले असते, याची मी कधीकधी कल्पना करतो. 'यांचे रक्तच थंड पडले', असे म्हणणारे तेव्हाही असणार. महाराजांनी त्यांची पर्वा केली नाही. खानाला हवी असलेली वस्तू, म्हणजे आपला राग, त्यांनी त्याला दिलीच नाही. १० नोव्हेंबरला भेट झाली आणि पुढे काय घडले ते शाळेतले पोरही जाणते. शाळेत सहसा सांगितले जात नाही ते असे की, त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. महिनोन्‌महिने दाबून धरलेला संताप योग्य क्षणी सुटला आणि थेट पन्हाळ्यापर्यंत धावला. खान पडल्यावर मात्र त्याच्या देहाचे रीतसर दफन झाले. संतापाला कोठे सुरू करायचे, हे ज्याला कळते, त्याला कोठे थांबवायचे, हेही कळते.

याच चरित्रात याच्या नेमके उलट एक उदाहरण आहे, आणि ते एका थोर माणसाचे आहे म्हणून अधिक बोलके आहे. सरनौबत प्रतापराव गुजर यांनी १६७३ साली उमराणीजवळ बहलोलखानाला कोंडले. त्याचे पाणी तोडले. खान शरण आला आणि दयेपोटी प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. तो पुन्हा उलटला. महाराजांनी कडक शब्दांत पत्र लिहिले; खानाचा पराभव केल्याखेरीज तोंड दाखवू नये, अशा आशयाचे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत खान येत असल्याचे कळले. प्रतापरावांनी मागे असलेल्या फौजेची वाट पाहिली नाही. सहा स्वारांनिशी ते त्या सैन्यावर तुटून पडले, असे परंपरा सांगते. सातही जण पडले.

कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे हा प्रसंग अमर झाला आहे, आणि झाला ते योग्यच झाले. ते बलिदान आठवून ज्याचा ऊर भरून येत नाही, त्याच्याशी मला बोलायचेच नाही. परंतु ऊर भरून आल्यावर डोळे पुसून एक प्रश्न विचारायला हवा. त्या दिवशी बहलोलखानाचे काय बिघडले? काहीही नाही. स्वराज्याचे काय गेले? राज्याभिषेक तीन-साडेतीन महिन्यांवर आला असताना सरसेनापती गेला. प्रतापरावांचा राग खरे पाहता खानावर नव्हताच. तो स्वतःवर होता. झालेल्या मानभंगाचे शल्य असह्य झाले होते आणि ते संपविण्याची घाई होती. असा राग शत्रूचा पराभव मागत नाही, तो स्वतःची सुटका मागतो.

येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. विशेषतः जे कार्यकर्त्यांचे प्रमुख आहेत, त्यांनी ती ऐकावी. वरिष्ठाचा कठोर शब्द किती खोलवर जातो, हे नेसरीने दाखविले. महाराजांना या वार्तेने अतीव दुःख झाले. प्रतापरावांची कन्या जानकीबाई त्यांनी आपल्या धाकट्या पुत्रासाठी, राजाराममहाराजांसाठी, सून म्हणून आणली. रागावण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्यावर मागाहून त्या घराचे कुंकू आणि अन्न सांभाळण्याचेही दायित्व येते. आज कार्यकर्त्यांना 'तुम्ही काय बांगड्या भरल्या आहेत काय' असे डिवचणारे नेते पुष्कळ आहेत. (बांगड्या भरणाऱ्या आमच्या माता-भगिनी समोर बसल्या आहेत, त्यांनी या वाक्प्रचाराबद्दल या नेत्यांना एकदा जाब विचारावा.) पण त्यातले किती जण त्या मुलाच्या जामिनासाठी पहाटे न्यायालयाच्या पायरीवर उभे राहतात?

आता थोडे आपल्या संघटनेच्या आयुष्याविषयी. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. ते घोर पातक होते, हे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले पाहिजे. ज्यांनी ते केले, त्यांनी स्वतःच्या संतापाला हिंदुहिताचे नाव दिले होते. परिणाम काय झाला? एका निःशस्त्र वृद्धाचा प्राण गेला, आणि ज्या हिंदू समाजाच्या नावाने गोळ्या झाडल्या, त्याच समाजाला त्याची झळ पुढे दशकानुदशके सोसावी लागली. रागाच्या भरात केलेल्या एका कृत्याने विरोधकांच्या हाती असे शस्त्र दिले, जे त्यांना स्वतः कधी घडविता आले नसते. याहून मोठे उदाहरण मला सापडत नाही.

आणि त्या कृत्याची प्रतिक्रियाही रागाचीच होती. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ज्यांचा हत्येशी काडीचाही संबंध नव्हता अशा कुटुंबांची घरे जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरांत ती कहाणी आजी-आजोबांकडून आलेली असेल. वाड्याचे जळके खांब ज्यांनी पाहिले, ती पिढी आता जवळजवळ गेली. त्या पिढीला सूड घेण्याचे कारण नव्हते काय? पण भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि मराठी चित्रपट काढत राहिले. पुष्कळ कुटुंबांनी गाव सोडले आणि शहरात नव्याने संसार मांडला. आपल्या मुलांना त्यांनी शिक्षण दिले, आणि ज्यांनी घर जाळले त्यांची नावे दिली नाहीत. ही मला त्या पिढीची सर्वांत मोठी देणगी वाटते. ती नावे दिली असती, तर महाराष्ट्राच्या गावोगावी जातीजातींमधली आग आजपर्यंत धुमसत राहिली असती.

संघावर ४ फेब्रुवारी १९४८ ला बंदी आली. श्रीगुरुजी त्याआधीच अटकेत होते. बंदी अन्यायकारक आहे, असे स्वयंसेवकांना वाटत होते; मनात संताप होता. सत्याग्रह सुरू झाला तो ९ डिसेंबरला, म्हणजे दहा महिन्यांनी. मधल्या काळात पत्रव्यवहार, भेटी, विनंत्या झाल्या. मार्ग खुंटल्यावर हजारो स्वयंसेवक शांतपणे तुरुंगात गेले. जुलै १९४९ मध्ये बंदी उठली. १९७५ च्या आणीबाणीतही हेच घडले. जूनमध्ये आणीबाणी, सत्याग्रह १४ नोव्हेंबरला. त्या साडेचार महिन्यांत घरोघरी पत्रके पोचविणारे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी धान्य पोचविणारे जाळे विणले गेले. राग होताच, पण त्याला कामाला लावले होते. त्याविषयी येथे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. ते अनुभवलेले दोन-तीन ज्येष्ठ मला समोर दिसत आहेत, त्यांनाच चहाच्या वेळी गाठा.

मित्रहो, आतापर्यंत मी सांगितलेल्या कथांत आपण रागावलेले आहोत आणि समोर कोणी दुसरा आहे. अशा कथा ऐकायला बऱ्या वाटतात. परंतु रागाची सर्वांत मोठी शिकवण मला जेथे मिळाली, तेथे राग आपल्यावर होता.

महाडचे चवदार तळे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तळ्यावर परधर्मीयांना मज्जाव नव्हता. गुरे पाणी पीत होती. मज्जाव होता तो केवळ आपल्याच धर्मबांधवांना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. कायद्याने दिलेला हक्क त्यांनी बजावला, इतकेच. नंतर गावात आवई उठली की, ही मंडळी आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव निघाला आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या बायाबापड्यांवर त्याने हल्ला केला. पुढे ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. एका आवईवर रागावलेला तो जमाव आपला होता, हे आपण विसरता कामा नये.

आता दुसरी बाजू पाहा. बाबासाहेब डाकबंगल्यावर होते. त्यांचे लोक संख्येने गावावर भारी होते. त्यांत लष्करात नोकरी केलेले अनेक जण होते. आपली माणसे रक्तबंबाळ होऊन येत असलेली ते पाहत होते आणि एका शब्दाची वाट बघत होते. तो शब्द उच्चारला गेला असता, तर त्या रात्री महाडची राखरांगोळी झाली असती. बाबासाहेबांनी तो उच्चारला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि हल्लेखोरांविरुद्ध कायद्याचा मार्ग धरला. डिसेंबरमध्ये ते पुन्हा महाडला आले. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या घटनेने दुखावलेले लोक आपल्यात होते आणि असतील. पण एवढे तरी मान्य करावे लागेल की, ज्यांची डोकी मार्चमध्ये फुटली होती, त्यांनी डिसेंबरमध्ये एक ग्रंथ जाळला, कोणाचे घर जाळले नाही. तळ्यावर पुन्हा जाण्यास न्यायालयाने तात्पुरती मनाई केली होती. हजारो लोक जमलेले असताना त्यांनी सत्याग्रह स्थगित केला. रागावलेल्या समुदायाला पुढे नेण्याहून मागे वळविणे किती अवघड असते, हे मोर्चे काढणाऱ्यांना विचारा. खटला चालला तो दहा वर्षे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या बाजूने निकाल दिला.

दहा वर्षे टिकणारा राग! एका रात्री पेटून विझणाऱ्या रागाची मातब्बरी मला म्हणूनच वाटत नाही. आणि आपल्यावर कोणी रागावले असेल, तर त्याच्या शब्दांतील कडवटपणा मोजत बसण्याऐवजी त्यामागील वेदना खरी आहे काय, एवढे आधी पाहावे. आजही एखाद्या गावात लग्नाची वरात अडविली जाते, एखाद्या पाणवठ्यावर भांडण होते. तेव्हा समरसतेची भाषा करणाऱ्या आपल्याला राग येतो का, आणि तो कोणावर येतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

हे सारे डोळ्यांसमोर ठेवून आजच्या परिस्थितीकडे पाहू. मिरवणूक निघते. कोठून तरी एक दगड येतो. तो टाकणाऱ्याला कोणाचे डोके फोडायचे नसते. त्याला दुसरा दगड हवा असतो, तुमच्या हातातला. पहिला दगड कोणी पाहिलेला नसतो. दुसरा मात्र दहा भ्रमणध्वनींवर चित्रित होतो. उद्याच्या वर्तमानपत्रात 'दोन गटांत दगडफेक' एवढीच ओळ येते आणि जो अन्याय झाला, तो त्या ओळीत बुडून जातो. मग दंगल, बेकायदा जमाव, दोन समाजांत तेढ निर्माण करणे, सरकारी कामात अडथळा असे गुन्हे नोंदविले जातात. मुलगा बाविशीचा. त्याने पोलीस भरतीचा अर्ज भरलेला असतो किंवा परदेशी शिक्षणाची तयारी चालविलेली असते. चारित्र्य पडताळणीत तो अडकतो. तारखा पडत राहतात. वडील भविष्यनिर्वाह निधीतून वकिलाचे पैसे भरतात. आणि भ्रमणध्वनीवर तो संदेश ज्याने पाठविला, त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. पहिल्याच पानावर मी अफझलखानाचा हिशेब सांगितला. तो येथे लावून पाहा. तुम्ही चिडावे, अशी तजवीज कोणी केली आहे? तुमच्या चिडण्याने कोणाचे काम होणार आहे? ते उत्तर 'समोरच्याचे' असे येत असेल, तर प्रतापगडावर जावे.

याचा अर्थ दगड सोसावेत, असा नाही. साक्षीदार गोळा करावेत, चित्रीकरण करावे, त्याच रात्री तक्रार नोंदवावी, तिची प्रत घ्यावी, जखमीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवावे. या कामात कोणाला स्फुरण चढत नाही, घोषणा देता येत नाहीत. पण न्यायालयात उपयोग होतो तो याच कागदांचा.

शेवटी थोडे घराविषयी. आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक विलक्षण गोष्ट दिसते. आपला राग पाण्यासारखा नेहमी उताराकडे वाहतो. साहेबाने केलेला अपमान आपण हसून गिळतो आणि संध्याकाळी भाजीत मीठ कमी पडले म्हणून पत्नीवर ओरडतो. रस्त्याच्या कामात पैसे खाणाऱ्या कंत्राटदाराला आपण 'साहेब' म्हणतो आणि दोन रुपयांवरून भाजीवाल्या मावशींशी हुज्जत घालतो. दुर्बलावरचा राग स्वस्त असतो, म्हणून तो आपल्याला परवडतो. जो राग वर चढतो, त्याला मात्र श्रम पडतात. सोसायटीसमोरचे गटार वर्षभर उघडे असेल, तर त्यावर रोज जिन्यात चडफडण्यापेक्षा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून एक अर्ज करावा: या कामासाठी किती निधी मंजूर झाला, काम कोणाला दिले, ते पूर्ण झाल्याचा दाखला कोणी दिला? ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास अपील करता येते. राग तोच, पण चडफडाटाला प्रशासन भीत नाही, सही-शिक्क्याच्या पोचपावतीला भिते.

आणि घरातल्या घरात रागाचे काय? मुलांसमोर आपण कोणत्या कारणावरून संतापतो, ते मुले टिपून ठेवतात. परीक्षेत पाच गुण कमी पडले म्हणून संतापणारे आणि घरकाम करणाऱ्या बाईंचा कोणी अपमान केला तर गप्प बसणारे वडील मुलाला काय शिकवितात, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

मघाशी एका भगिनींनी चिठ्ठी पाठविली आहे. त्या लिहितात की, त्यांचा मुलगा रात्री उशिरापर्यंत भ्रमणध्वनीवर अत्याचाराच्या चित्रफिती पाहतो आणि धुमसत राहतो. त्याला समजावून शांत करावे काय?

माझ्या मते त्याला केवळ शांत करू नका. अन्याय पाहून ज्याला झोप येत नाही, तो मुलगा चांगला आहे. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, ही घटना कोठची, केव्हाची? पुष्कळदा ती दुसऱ्याच देशातली किंवा दहा वर्षांपूर्वीची निघते. ती खरी निघाली आणि जवळपासची असली, तर पुढचा प्रश्न विचारा, ज्यांच्यावर हे बेतले त्यांच्या घरी कोण आहे? तुझ्यापैकी कोणी तेथे गेले आहे काय? अशा घरी पहिल्या आठवड्यात गर्दी असते; गाड्या येतात, पुढारी येतात, छायाचित्रे निघतात. सहाव्या महिन्यात न्यायालयाची तारीख असते. त्या दिवशी त्या घरातली आई एकटीच यष्टीने तालुक्याला जाते, कारण सोबत यायला कोणी मोकळे नसते. त्या तारखेला तिच्याबरोबर तू जाशील काय, एवढे त्याला विचारा.